घरी नेलेले रोप जगले पाहिजे

वाचक भगिनीचे पत्र : "मिरजेजवळ आमची अर्ध्या एकराची रोपवाटिका आहे. सासऱ्यांनी ती सुरू केली. आता मी आणि माझी मुलगी पाहतो. पावसाळ्यात विक्री बरी होते, पण गणपती संपले की गिऱ्हाईक तुटते आणि मार्चपर्यंत मजुरीही निघत नाही. म्हणून गेल्या वर्षी नाताळसाठी घाऊक बाजारातून 200 पॉइनसेटिया, म्हणजे वरची पाने लाल होणारी शोभेची रोपे, आणले. आठ दिवसांत त्यांची पाने गळू लागली. काही रोपे विकली, त्यांतलीही बरीच तक्रारी घेऊन परत आली, आणि 70 रोपे अजून मागच्या सावलीत काड्यांसारखी उभी आहेत. मुलीचे म्हणणे, दिवाळी-नाताळसाठी सजवलेल्या कुंड्या आणि हाताने केलेल्या भेटवस्तू ठेवाव्यात. गावातल्या बचत गटाच्या बायकाही आपल्या वस्तू ठेवा म्हणतात. पण काही वस्तू विकण्याजोग्या नाहीत आणि रोजची ओळख असल्याने तोंडावर नाही म्हणवत नाही. काय ठेवावे, किंमत कशी धरावी, बायकांना काय सांगावे आणि त्या 70 रोपांचे काय करावे?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही चार प्रश्न विचारले आहेत, पण चारांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे असे मला वाटते आणि ती आधी सांगतो. पैसे गल्ल्यात पडले की विक्री झाली, असे आपण धरतो. ज्याला ते रोप भेट म्हणून मिळाले त्याच्या लेखी मात्र ती भेट, रोप त्याच्या खिडकीत दोन-तीन महिने तगले, तरच खरी ठरते. मिठाईचा डबा संपला की विसरला जातो. वाळलेल्या रोपाची कुंडी गच्चीच्या कोपऱ्यात पुढच्या दिवाळीपर्यंत पडून राहते आणि देणाऱ्याचीही आठवण करून देते, विकणाऱ्याचीही. म्हणून मिरजेच्या हवेत, साध्या घरात, झाडांची फारशी माहिती नसलेल्या माणसाच्या हातून जे रोप जगेल तेच सणाला विकावे, आणि हाताने केलेली जी वस्तू त्या रोपाच्या कामाची असेल तीच शेजारी मांडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पॉइनसेटियाचे जे झाले त्यात तुमचा आळस किंवा अज्ञान नव्हते. हे झाड मूळचे मेक्सिकोचे. ज्याला आपण लाल फूल म्हणतो ती त्याची रंगलेली पाने असतात आणि खरी फुले मधोमध पिवळ्या मण्यांसारखी, अगदी बारीक. घाऊक माल शेडनेटखाली, मोजून पाणी देऊन वाढवलेला असतो. तो बंद टेम्पोत दाटीवाटीने भरून रात्रभर प्रवास करतो. कोंडलेल्या हवेत रोपांतून निघणारा इथिलीन वायू साठतो आणि त्याने पानांचे देठ सैल होतात. त्यानंतर ती रोपे दुकानाच्या दारात, वारा आणि ऊन लागेल अशी मांडली आणि पाने मलूल दिसताच वरून आणखी पाणी घातले, तर मुळे कुजून उरलेली पानेही जातात. माल उतरवल्यावर निदान आठवडाभर उजेडाच्या पण वारा न लागणाऱ्या जागी त्याला सरावू द्यावे, मातीचा वरचा थर कोरडा झाल्याशिवाय पाणी देऊ नये, आणि घेतानाच मधल्या पिवळ्या कळ्या न उमललेली रोपे निवडावीत. पिवळा पराग सांडायला लागलेल्या रोपाचे दिवस भरत आलेले असतात, मग ते कितीही लाल दिसो. यंदा 200 आणू नका. मिरजेत मिशनच्या रुग्णालयाभोवती शंभराहून अधिक वर्षांची ख्रिस्ती वस्ती आहे, तेथे खरी मागणी आहे. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नाव आणि आगाऊ रक्कम घेऊन नोंदणी करा आणि जेवढी नोंद होईल त्याहून दहाच रोपे जास्त मागवा.

आता वर्षाच्या आखणीकडे वळतो, कारण रोपवाटिकेतले बहुतेक नुकसान पंचांग न पाहिल्याने होते. आपले सण तिथीने चालतात आणि झाडे दिवस मोजून फुलतात. 2023 साली अधिक श्रावण आला होता, म्हणून दसरा 24 ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होते; 2025 साली दसरा 2 ऑक्टोबरलाच आला आणि लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला. हा तीन आठवड्यांचा फरक आहे. जी बाई दर वर्षी "नागपंचमीच्या सुमाराला" म्हणून झेंडू लावते ती वाचते, कारण नागपंचमीही तिथीनेच सरकते. जी 1 ऑगस्टला लावते तिचा माल एका वर्षी सणाआधी ओसरतो आणि दुसऱ्या वर्षी सणानंतर फुलतो. तुमच्या मुलीला एक मोठी वही घालायला सांगा, तिच्या पहिल्या पानावर यंदाच्या दसरा, लक्ष्मीपूजन, तुळशी विवाह, नाताळ, संक्रांत आणि रथसप्तमी यांच्या तारखा लिहा आणि प्रत्येक तारखेपासून उलटे मोजत या. कुंडीतल्या बुटक्या झेंडूला बी टाकल्यापासून फूल यायला साधारण 50 ते 60 दिवस लागतात, उंच जातीला त्याहून अधिक. शेंडा खुडला तर फांद्या वाढतात पण फूल आठ-दहा दिवस मागे जाते. शेवंती दिवस लहान झाल्यावरच कळी धरते, त्यामुळे तिच्या काड्या जून-जुलैतच लागलेल्या हव्यात.

दसऱ्याला झेंडू तर सगळेच ठेवतील. तुम्ही आपट्याची रोपे ठेवा. सोने म्हणून दसऱ्याला ज्या फांद्या बाजारात ढिगाने येतात त्यांत आपट्याबरोबर कांचनाचीही पाने सर्रास असतात, आणि दोन्ही झाडांची त्यापायी दर वर्षी कत्तल होते. आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद असते, कांचनाचे मोठे आणि पातळ. दोन्ही रोपे शेजारी ठेवून ग्राहकाला हा फरक दाखवलात तर ती पाच मिनिटे कुठल्याही जाहिरातीहून अधिक उपयोगी पडतील. आपटा घरात राहणारे झाड नाही, हे मात्र विकताना सांगा. ज्यांच्याकडे परसू, शेताचा बांध किंवा सोसायटीचे कुंपण आहे त्यांनाच तो द्या. शाळा आणि मंडळे सोने वाटण्याऐवजी असे एखादे रोप लावण्यास तयार होतात, त्यांना श्रावणातच विचारून ठेवा.

दिवाळीसाठी माझी सर्वांत आवडती सूचना किल्ल्याची आहे. मुले दारात किल्ला करतात त्यासाठी लागणारी प्रत्येक गोष्ट तुमच्या आवारात आहे आणि तरीही बहुतेक रोपवाटिका ती विकत नाहीत, याचे मला नवल वाटते. चाळलेली लाल माती, थोडी चिकणमाती, पोत्याचे तुकडे, दोन-चार दगड, तटावर लावायला सेडमसारख्या जाडसर पानांच्या बुटक्या रोपाची काडी, खालच्या माचीवर ठेवायला लहानशी मोरपंखी, आणि हिरवळीसाठी पुडीभर हळीव. हळिवाचे बी भिजले की त्याला बुळबुळीत आवरण सुटते आणि त्यामुळे ते किल्ल्याच्या उतारावरही चिकटून राहते, पाणी शिंपडले तरी घसरत नाही. मोहरीचे बी मात्र घरंगळून पायथ्याशी गोळा होते. आपल्या आज्यांनी किल्ल्याला हळीव निवडले त्यामागे हेच कारण असावे. हळीव दोन-तीन दिवसांत उगवते आणि पाच-सहा दिवसांत डोंगर हिरवा दिसू लागतो, म्हणून वसुबारसेच्या तीन-चार दिवस आधी ते पेरायला हवे, अशी चिठ्ठी संचाबरोबर द्या. कुंभारवाड्यातून मातीचे मावळे आणि महाराजांची मूर्ती घेऊन हा संच एका बांबूच्या टोपलीत भरला, तर मामा भाच्याला आणि आजी नातवाला तो हौसेने घेऊन देईल. किल्ला मोडल्यावर माती परसात जाते, टोपली घरात राहते आणि मोरपंखी कुंडीत लावता येते. असे 50 संच करा. गेले नाहीत तरी त्यातले काहीही वाया जाणार नाही.

तुळशीच्या लग्नाला, म्हणजे कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत, तुळस जाणारच आहे, पण दिवाळीत घाईने आणलेली लांबट, एका काडीची तुळस विकू नका. आषाढात पेरलेली, दोन वेळा शेंडे खुडून भरवलेली, मंजिऱ्या वेळच्या वेळी काढलेली तुळस चार महिन्यांत गोल भरते. ग्राहकाला इतकेच सांगा की थंडीत तुळस रोडावते, तेव्हा तिला सकाळचे ऊन द्यावे, रात्री उघड्यावर ठेवू नये आणि पाणी कमी करावे. तुमच्या भागात ऊस दारात आहे. ऊस, आवळे, चिंचा आणि तुळस एकत्र मिळाली तर नोकरी करणाऱ्या बायकांची बाजारातली तीन दुकाने वाचतील.

दिवाळीच्या भेटीसाठी कार्यालये एकदम शे-दोनशे रोपांची मागणी करतात, आणि येथे मी तुम्हाला स्वतःचा अनुभव सांगून सावध करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कार्यालयाने माझ्याकडे 150 रोपे मागितली आणि तळाला भोक नसलेल्या चकचकीत चिनी मातीच्या कुंड्यांचाच आग्रह धरला, कारण टेबलावर पाणी सांडायला नको होते. मोठी मागणी म्हणून मी मान्य केले. संक्रांतीपर्यंत त्यांतली अर्धी रोपे कुजली आणि त्या कार्यालयाने मला पुन्हा कधी बोलावले नाही. तेव्हापासून मी भोक नसलेल्या कुंडीत थेट माती भरून रोप दिलेले नाही. सुंदर कुंडी हवीच असेल तर रोप भोकाच्या साध्या कुंडीत ठेवून ती आत बसवावी आणि साचलेले पाणी ओतून टाकायला सांगावे. कुंडीला तळापासून गुंडाळलेला चमकी कागदही हेच नुकसान करतो. अशा भेटीसाठी सर्पपर्णी (स्नेक प्लांट), जेड, मनी प्लांट आणि हिवाळ्यात महिनाभर फुले टिकवणारा कलांचो ही भरवशाची रोपे आहेत. डिफेनबेकिया आणि कण्हेर दिसायला कितीही छान असली तरी भेटीच्या फळीवर ठेवू नका. ती कोणाच्या घरी जाणार आणि तेथे रांगते मूल आहे की नाही, हे आपल्याला ठाऊक नसते, आणि ही दोन्ही झाडे तोंडात गेली तर अपाय करतात, कण्हेर तर जिवावर बेतेल इतका.

नाताळासाठी पॉइनसेटियाखेरीज अरोकेरिया, म्हणजे ज्याला आपल्याकडे क्रिसमस ट्री म्हणून मागतात ते झाड, लागेल. ते महाग आहे, हळू वाढते आणि मोकळ्या जमिनीत गेले तर कित्येक मजले उंच होते, त्यामुळे भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारे कुटुंब नाताळानंतर त्याचे काय करणार, हा प्रश्न असतो. माझी सूचना अशी की तीन-चार फुटांची दहा झाडे ठेवा आणि ती अनामत घेऊन पंधरवड्यासाठी भाड्याने द्या. वर्षभर ती तुमच्याकडेच वाढतील. मधला शेंडा मोडणार नाही एवढीच अट घाला, कारण तो गेला की झाडाचा डौल पुन्हा येत नाही. कोकण-गोव्यातल्या अनेक ख्रिस्ती घरांत गव्हाणीच्या देखाव्यात हिरवळ दिसावी म्हणून ताटल्यांत गहू किंवा नाचणी उगवून ठेवतात. किल्ल्यासाठी ज्या तबकांत तुम्ही हिरवळ करून दाखवाल, त्याच तबकांत डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गहू पेरा. चोवीस तारखेला वितीएवढी कोवळी हिरवळ तयार मिळेल.

नाताळ झाला की तुम्ही हात टेकता, असे पत्रावरून दिसते. खरे तर तुमच्यासारख्या दुकानाचा सर्वांत मोठा सण त्यानंतर येतो, आणि तो म्हणजे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणारे हळदीकुंकू. प्रत्येक घरी तीस ते साठ सवाष्णी येतात, प्रत्येकीला वाण द्यायचे असते, आणि दर वर्षी तेच प्लॅस्टिकचे डबे आणि गाळण्या लुटून बायका कंटाळलेल्या असतात. वाणासाठी एकाच घरातून चाळीस रोपांची मागणी येते. एका गल्लीत अशी पाच घरे असतात. येथे महाग रोप चालत नाही, वीस-तीस रुपयांचे, हाताच्या पंज्यात मावणारे रोप लागते. गवती चहाचा एक जुना गड्डा फोडला तर त्यातून पंधरा-वीस फुटवे निघतात, पानओव्याची काडी दोन-तीन आठवड्यांत मूळ धरते, कोरफडीची पिल्ले आईच्या कुंडीत आपोआप येतात, पुदिना तर आवरावा लागतो. ही चारही रोपे स्वयंपाकघराच्या खिडकीत जगतात आणि कोरफड सोडली तर बाकीची थंडीत चहाला, काढ्याला, चटणीला लगेच उपयोगी पडतात. कढीपत्त्याची मागणी बरीच होईल, पण तो थंडीत वाढ थांबवून बसतो आणि लहान रोप पाने टाकते. तो उन्हाळ्यापर्यंत थांबवा.

वाणाच्या रोपाबद्दल आणखी एक लहानशी गोष्ट, जी मला एका वृद्ध ग्राहक बाईंनी शिकवली. वाण घेतलेली बाई तेथून सरळ घरी जात नाही. ती काठापदराची साडी नेसून, हातात पर्स घेऊन, आणखी दोन-तीन घरी जाते. म्हणून वाणाच्या रोपांना आदल्या दिवशी पाणी द्यावे, त्या दिवशी नाही, मातीवर नारळाच्या काथ्याची चकती दाबून बसवावी आणि कुंडी कापडी बटव्यात द्यावी, म्हणजे साडीला माती लागत नाही. कुंडी म्हणून संक्रांतीचे सुगड वापरता येते, मात्र कुंभाराकडून ते भाजण्यापूर्वीच तळाला भोक पाडून घ्यावे; भाजल्यावर भोक पाडायला गेलात तर दहांतली तीन-चार फुटतील. त्यासाठी कुंभाराला दिवाळीच्या पणत्या संपताच, कार्तिकात, आगाऊ रक्कम देऊन सांगावे लागेल, कारण पौषात त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. फुटवे आणि काड्याही तुम्ही कार्तिकातच लावल्या पाहिजेत, आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी पूजेची पत्री न्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला वाणाची नोंदवही दाखवली पाहिजे.

येथेच बचत गटाच्या बायकांचा प्रश्न सुटतो. त्या आज जे करतात ते त्यांना ठाऊक आहे म्हणून करतात. तुमच्या दुकानात काय खपते हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. आकाशकंदील, मण्यांची तोरणे, प्लॅस्टिकची फुले ही बाजारात स्वस्त मिळतात आणि त्यांचा रोपाशी संबंध नाही. ती घेऊ नका, मग ती कितीही सुबक असोत. तुम्हाला हवे आहेत ते कापडी बटवे, बुडाशी रुंद असलेली कुंडी उभी नेण्याची पिशवी, सुतळीचे किंवा काथ्याचे शिंके, गोधडीच्या टाक्याने शिवलेले कुंडीचे आवरण, आणि रंगवलेल्या साध्या मातीच्या कुंड्या. शिंके ही तर आपल्या घरातली जुनी वस्तू. दह्याचे मडके मांजरापासून सांभाळण्यासाठी आढ्याला टांगत असत त्याच विणीत आज मनी प्लांटची कुंडी टांगता येते, आणि गटातल्या एखाद्या आजीला ती वीण अजून येत असेल. तिला शोधा आणि इतर बायकांना तिच्याकडून शिकवून घ्या. बुरुडाकडून टोपल्या घ्या. मिरजेत सतार-तंबोऱ्यासाठी वाळलेले भोपळे येतात. त्यांतले तडकलेले किंवा वाकडे भोपळे वाद्याला चालत नाहीत, त्यांची चिमण्यांसाठी घरटी किंवा आत लहान कुंडी ठेवण्याची झोळी होऊ शकेल, तेव्हा एखाद्या कारागिराकडे विचारून पाहा. भोपळ्यात थेट ओली माती मात्र भरू नका, तो कुजतो. बायकांनी घरच्या घेवड्याचे, दोडक्याचे बी पुड्या करून आणले तर ते विकायला ठेवू नका, कारण बियाण्यांच्या विक्रीला परवाना लागतो. आपल्याकडून भेट म्हणून रोपाबरोबर द्या आणि पुड्यांच्या शिवणीचे पैसे बाईला द्या.

नाही कसे म्हणावे, याचे उत्तर असे की नकार बाईला देऊ नये, वस्तूला द्यावा आणि त्याच क्षणी दुसरी वस्तू मागावी. "पिशवी छान शिवली आहे, पण बूड अरुंद असल्याने कुंडी आडवी होते, हे माप घ्या, सहा इंची कुंडी उभी राहील अशा दहा पिशव्या मला नवरात्रापर्यंत हव्यात," असे म्हटल्याने तिचा अपमान होत नाही आणि तुमच्या फळीवर नको असलेला माल चढत नाही. त्यासाठी प्रत्येक वस्तूचा एक नमुना दुकानात टांगून ठेवा. वाद माणसांत न होता मापावर होतो. आणि एक गोष्ट मनापासून विनवतो : विकल्यावर पैसे देण्याचा करार त्यांच्याशी करू नका. दुकानदाराला तो सोयीचा असतो हे खरे, पण कापड, सुतळी आणि रंग यांचे पैसे त्या बाईने घरखर्चातून किंवा गटाच्या कर्जातून आधीच घातलेले असतात, आणि तीन महिने धूळ खाऊन परत आलेली पिशवी तिला घरात मान खाली घालायला लावते. दहाच नग घ्या, पण रोख घ्या. खपले की वीस सांगा. काय घेतले, किती दिले, हे दोन्हीकडच्या वहीत लिहून सही घ्या. ओळखीच्या माणसांत हिशेब लिहिलेला असला की ओळख टिकते.

किमतीबद्दल थोडक्यात. रोपवाटिकावाले रोपाची, कुंडीची आणि मातीची किंमत धरतात, पण सजवायला लागलेला वेळ आणि मेलेली रोपे धरत नाहीत. समजा रोप 30 रुपये, कुंडी 35, माती आणि खत 10, बटवा 15 आणि मुलीची पंधरा मिनिटांची मजुरी 10, असा 100 रुपये खर्च आला. दहातले एक रोप विक्रीआधी जाणार असे गृहीत धरले तर उरलेल्या नऊ रोपांवर 1000 रुपयांचा भार येतो, म्हणजे प्रत्येकी 111 रुपये. नफा त्याच्यावर चढवायचा, 100 वर नाही. पॉइनसेटियासारख्या नाजूक मालाला दहाव्याऐवजी तिसरा हिस्सा जाईल असे धरा, मग तो तुमच्या दुकानात का परवडत नाही हे आपोआप दिसेल. भेटसंचात रोपाबरोबर कुंडी, टोपली, मूर्ती अशा निरनिराळ्या वस्तू येतात आणि त्यांच्यावरचा कर सारखा नसतो, तेव्हा पावती कशी करायची हे तुमच्या हिशेबनिसाला एकदा विचारून घ्या. प्रत्येक रोपाबरोबर मराठीत चार ओळींची चिठ्ठी द्या, त्यात किती ऊन, किती दिवसांनी पाणी, पहिल्या महिन्यात काय दिसेल आणि अडचण आली तर रोप घेऊन दुकानात या, एवढेच लिहा. शेवटची ओळ गाळू नका. आजारी रोप घेऊन आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जात नाही.

राहता राहिली ती 70 रोपे. ती फेकू नका, ताई. नखाने काडीची साल किंचित खरवडून पाहा. आत हिरवी असेल आणि पांढरा चीक आला तर झाड जिवंत आहे. तो चीक कातडीला आणि डोळ्यांना झोंबतो, म्हणून हातमोजे घाला. जूनमध्येच प्रत्येक झाड मातीपासून वीतभर उंचीवर छाटा, कुजलेली मुळे कापून निचऱ्याच्या नव्या मातीत लावा आणि जोराच्या पावसापासून आडोसा द्या. फुटवे चार-पाच पानांचे झाले की एकदा शेंडे खुडा, पण ऑगस्टनंतर खुडू नका. हे झाड लांब रात्रीवर रंगते. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर आपल्याकडे रात्र दिवसाहून मोठी होऊ लागते आणि तेवढ्याने त्याचे काम भागते, मात्र ती रात्र सलग अंधाराची हवी. रस्त्यावरचा दिवा, आवारातला बल्ब, रखवालदाराच्या खोलीचा उजेड, यांपैकी काहीही रात्री त्यांच्यावर पडत असेल तर झाड डिसेंबरातही हिरवेच राहील. त्यांना तुमच्या आवाराच्या सर्वांत अंधाऱ्या कडेला, दिवसा भरपूर ऊन येईल अशी जागा द्या. रात्रीचा अंधार न मोडता मिळाला तर त्यापुढे आठ-दहा आठवड्यांत वरची पाने लाल होतील. ही झाडे टेम्पोतून नुकतीच उतरलेली नसतील, मिरजेच्याच पावसात आणि थंडीत वाढलेली असतील, त्यामुळे नाताळाच्या नोंदणीत ती आधी द्या आणि बाहेरून मागवायचा आकडा तेवढ्याने कमी करा. त्यांतली दोन मात्र कुंपणाशी जमिनीत लावून ठेवा. आपल्याकडे पॉइनसेटियाचे माणसाहून उंच झुडूप होते, आणि येत्या वर्षांत काड्या लावायला तुम्हाला बाजारात जावे लागणार नाही.